नका आणि नको

कारखानीसकाकांनी पहिल्या भेटीत माझ्याकडे बघितलंच नाही. ते जमिनीकडे बघत होते. रॉटरडॅमजवळच्या फोरबर्गमधल्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्याला एक लांब उघडी गॅलरी आहे आणि सगळ्यांची दारं नि स्वयंपाकघराच्या खिडक्या तिच्यावर उघडतात. मार्चमध्ये ऑफिसं बंद झाली त्याच आठवड्यात मी कचरा टाकायला बाहेर पडले, तर हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ गुडघ्यांवर बसून पोलादी टेपनं फरशी मोजत होते आणि दर दीड मीटरवर पिवळी पट्टी चिकटवत होते. मी चार महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेली. शेजारी कोण राहतं याचा पत्ता नव्हता. मी आपलं इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. त्यांनी मान वर न करता, पट्टी अंगठ्यानं दाबत मराठीत विचारलं, “सकाळी कुकरच्या पाच शिट्ट्या कशाला करता हो तुम्ही? डाळीचं पार पीठ होत असेल की.”

मला इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं, की मी तिथंच उभी राहून हसत सुटले. आठ दिवसांत कुणी माझ्याशी समोरासमोर बोललं नव्हतं.

काका मूळचे सांगलीचे. रॉटरडॅमला जहाजांची ड्रॉइंग्ज काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि निवृत्त झाल्यावर ते या दोन खोल्यांत येऊन राहिले. लग्न केलं नाही. मध्यंतरी सात वर्षं एक डच बाई त्यांच्याबरोबर होती; ती एक दिवस सामान बांधून उत्तरेकडे निघून गेली. जाताना तिचं निवडुंग मात्र विसरली. “मग तुम्ही तिला काहीच म्हणाला नाहीत?” असं मी एकदा विचारलं. “तिनं विचारलं कुठं?” काका म्हणाले. माणसानं काही म्हणायला आधी दुसऱ्यानं विचारावं लागतं, अशी त्यांची ठाम समजूत होती.

त्यांची मराठी त्यांनी देश सोडला त्या वर्षीच थांबली होती. सिनेमाला बोलपट म्हणायचे, चांगल्या गोष्टीला फर्स्टक्लास. घरातल्या प्रत्येक डब्यावर ड्रॉइंगमधल्यासारख्या उभ्या, सरळ अक्षरांत चिठ्ठी: मीठ. मटकी. मटकी, जुनी. भारतीय वंशाच्या सुरिनामी लोकांच्या दुकानातून कढीपत्ता आणला की त्याच्या काड्या मोजून ठेवायचे. आणि काहीही करायचं म्हटलं की एकच वाक्य: “बघू. आधी माप घेऊ.” मला भिंतीला एक फळी ठोकून हवी होती. ते तीनदा येऊन माप घेऊन गेले, समोरून, बाजूनं आणि वरून अशी तीन ड्रॉइंग्ज करून दिली. फळी काही लागली नाही. ड्रॉइंग्ज अजून माझ्याकडे आहेत, आणि खरं सांगते, त्या फळीपेक्षा देखणी आहेत.

माझा नवरा निखिल तेव्हा पुण्यात अडकला होता. व्हिसाची ऑफिसं बंद, विमानं बंद. मी दिवसभर टेस्टिंगच्या कामात लॅपटॉपशी बोलायची आणि संध्याकाळी नवऱ्याशीही लॅपटॉपवरच. सगळी माणसं चौकोनात. त्यामुळे काकांचा तो तिरसट, खराखुरा आवाज खिडकीतून ऐकू आला की मी हातातलं सोडून बाहेर जायची. ते त्यांच्या पट्टीवर, मी माझ्या पट्टीवर. उभ्या उभ्या चहा.

त्यांनी रोज बाजारात भटकू नये म्हणून मीच त्यांना सिनेमे बघायचा नाद लावला. माझा पासवर्ड दिला, टीव्हीला जोडून दिलं. महिन्याभरानं एका सकाळी ते गॅलरीत आले आणि माझ्या खिडकीवर टकटक करून म्हणाले, “मानसी, तू तो कोरियन बोलपट पाहिलास का? पडदे रंगवणाऱ्याचा?”

मी पाहिला नव्हता. त्यांनी तिथंच उभं राहून सगळी गोष्ट सांगितली. जुना काळ, राजाचा काळ. एक चितारी आहे, तो श्रीमंतांच्या वाड्यांत घडीचे पडदे रंगवतो. आणि एक गाणारी. गाणारीनं कुणाला दिसायचं नाही, असा तिथला रिवाज. तिनं पडद्याआड बसून गायचं. म्हणजे हा रंगवणार त्याच पडद्यामागे ती बसणार. त्याला तिचा आवाज ठाऊक, चेहरा नाही. तिला पडद्याची मागची कोरी बाजू आणि लाकडी चौकट ठाऊक, त्याचं चित्र नाही. असं करत करत दोघांचं जमतं. पण जमून काय उपयोग? तिला लांब उत्तरेकडे एका सरदाराच्या घरी धाडतात. ती होडीत बसते, तो काठावर उभा, संपला बोलपट.

“मरत कुणीच नाही?” मी विचारलं.

“नाही. म्हणून तर वाईट आहे,” काका म्हणाले आणि कप घेऊन आत गेले.

त्यांना तो सिनेमा एवढा का लागला, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. सांगलीत असताना कारखानीसकाका एका हौशी संगीत नाटक मंडळीचे पडदे रंगवायचे. जंगल, राजवाडा, नदीकाठ, सगळं. आणि त्या पडद्यांपुढं उभी राहून कुमुद नावाची एक मुलगी गायची. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनाच जुनी माणसं आठवायला लागली, तसा त्या मंडळीतल्या उरल्यासुरल्या लोकांनी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. कुणी तरी काकांचा नंबर मिळवून त्यांनाही त्यात घातलं. बाकीचे फुलांचे फोटो पाठवायचे. कुमुदबाई बोलून पाठवायच्या, कारण त्यांना दिसत नव्हतं. डोळ्यांच्या आतला पडदा निकामी झाला होता. काकांनी चव्वेचाळीस वर्षांनी तो आवाज ऐकला. “आवाज तोच आहे गं,” ते मला म्हणाले, “एक तसूभर हललेला नाही.” आवाजाचंही माप त्यांनी घेऊनच ठेवलं होतं.

कुमुदबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा श्रीराम बंगळूरला. त्या सांगलीत दोन खोल्यांत एकट्या, कामाला येणारी बाई लॉकडाऊनमुळे बंद. काका त्यांना दर शनिवारी फोन करायला लागले. इथले अकरा वाजले म्हणजे तिकडे दुपारचं जेवण आणि झोप उरकलेली असायची. चारसहा शनिवार तब्येत, औषधं, सांगलीत कोण कोण गेलं, असं झालं. मग बोलायचं काय? तेव्हा काकांनी त्यांना बोलपटाची गोष्ट सांगायला घेतली. बाई म्हणाल्या, “गोष्ट नको. ऐकवा की. तो काय म्हणतो, ती काय म्हणते, सगळं. मला कान आहेत अजून.”

झालं! काकांनी एक वही केली. तीन रकाने: वेळ, कोण, काय. टीव्हीवर खाली इंग्रजी अक्षरं यायची ती थांबवून, एकेक वाक्य मराठीत उतरवायचं. शनिवारी फोन स्पीकरवर टीव्हीजवळ ठेवायचा, म्हणजे कोरियन आवाज, पावसाचा, वाद्यांचा आवाज पलीकडे जाणार, आणि त्यावर काका वहीतून मराठी वाचणार. चिताऱ्याचंही तेच वाचायचे आणि गाणारीचंही तेच. बाईंना हसू आवरेना. “अहो कारखानीस, ती तुमच्या आवाजात लाजायला लागली की मला उचकी लागते.” तेव्हा काकांनी मला हाताशी धरलं. त्या हिवाळ्यात घरी एकच पाहुणा चालायचा, तेवढीच परवानगी होती. ती त्यांच्या घरची एक जागा दर शनिवारी माझी. टेबलाच्या या टोकाला मी, त्या टोकाला ते, खिडकी उघडी, अंगात जाकीट, मध्ये फोन.

पहिल्याच दिवशी बाईंनी माझी बिनपाण्यानं केली. “मुली, तू काय करतेस गं?”

“सॉफ्टवेअर टेस्टिंग, मावशी.”

“तरीच. यादी वाचल्यासारखं वाचतेयस. ती लाजत नाहीये, तिला राग आलाय. पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हटलं. आठवड्याभराच्या मीटिंगांत मला कुणी एवढ्या आपुलकीनं झापलं नव्हतं.

एक शनिवार मला पक्का आठवतो. काका आत चहा करायला गेले होते, फोन टेबलावर तसाच चालू. बाई एकदम म्हणाल्या, “मानसी, तिथं ते नाहीत ना? मग तुला एक गंमत सांगते.” आणि त्यांनी हसत हसत सांगितलं. त्यांचं लग्न ठरलं होतं, साखर कारखान्यातल्या एका ओव्हरसियरशी. घरात बोलणी पक्की, पण सुपारी फुटायची होती. एका सकाळी उठून त्या तडक तालमीच्या हॉलवर गेल्या. कारखानीस शिडीवर चढून आभाळ रंगवत होते. त्यांनी खालून विचारलं, “कारखानीस, मी होय म्हणून टाकू का घरी?” आणि कारखानीस वरून म्हणाले, “हा निळा वाळू दे, मग बोलू.”

“मग?”

“मग काय! मी अर्धा तास बाकावर बसले. निळा वाळला असेलही. हा माणूस खाली उतरला नाही. मी घरी येऊन होय म्हणून टाकलं.” मग त्या म्हणाल्या, “माझे यजमान चांगले होते हो. तक्रार नाही काही. पण मला आपलं वाटतं, कधी तरी विचारावं, की अहो, त्या शिडीवर एवढं काय धरून बसला होतात?”

काका कप घेऊन बाहेर आले. दोघींनी विषय बदलला. काकांनी आपल्या जागी बसून चष्मा लावला आणि म्हणाले, “हं, कुठं होतो आपण? अडतिसावं मिनिट.”

तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं की हे गृहस्थ चालूगिरी करताहेत. दोन तासांचा सिनेमा. सुरुवातीला एका शनिवारी दहा मिनिटं व्हायची. मग आठ. मग पाच. एका शनिवारी तर बर्फ पडतोय एवढंच झालं, कुणी बोललंच नाही, आणि काकांनी वही मिटली. मी म्हटलं, “काका, या वेगानं पुढच्या दिवाळीपर्यंत होडी काठाला लागायची नाही.” ते म्हणाले, “घाई कसली आहे?” घाई नव्हतीच. घाई झाली ती श्रीरामचा बाईंना फोन आला तेव्हापासून. तो आईला बंगळूरला न्यायचं म्हणत होता, कायमचं. लाट जरा ओसरू दे, मग गाडी घेऊन येतो. तिथं आठव्या मजल्यावर फ्लॅट, सून, दोन नातवंडं, सगळी घरातून काम करणारी. “तिथं मी शनिवारी कुठं बसून बोलणार?” बाई म्हणाल्या. “कोण आहे, काय आहे, हजार प्रश्न. आणि मला माझ्या या दोन खोल्या पावलांनी पाठ आहेत. तिकडे मी भिंती चाचपत बसणार.”

काकांनी वहीचा कोपरा सरळ केला.

“न जाऊन तरी काय करू?” बाई पुढं म्हणाल्या. “एकटीनं किती दिवस? कुणी सोबतीला असतं तर श्रीरामही ऐकला असता.” हे त्यांनी हवेत सोडून दिलं. मला कळलं, त्यांना कळलं आणि काकांनाही कळलं. काकांचं सगळं आयुष्य एकट्याचं, पेन्शन इथली, दोन खोल्या इथल्या किंवा तिथल्या. विमानं काय, आज ना उद्या सुरू झालीच असती. त्यांनी फक्त म्हणायचं होतं, जाऊ नका, मी येतो. ते म्हणाले, “बघू. पुढच्या शनिवारी ऐंशीव्या मिनिटापासून.”

फोन ठेवल्यावर मी त्यांच्यावर चांगलीच भडकले. “काका, आता कसलं माप घेताय?”

“तुला समजायचं नाही.”

“समजावून सांगा.”

“ती मला ओळखते ती तिशीतला म्हणून,” ते म्हणाले. “फोनवर माझा आवाज बरा आहे. तिला दिसत नाही हे खरं, पण मी जिना चढताना धापा टाकतो ते तिला ऐकू येईल ना.” आणि निवडुंगाला पाणी घालायला उठले. निवडुंगाला आदल्याच दिवशी घातलं होतं.

वसंत आला, गॅलरीखालच्या कालव्यात बदकांची पिल्लं दिसायला लागली, रात्रीची संचारबंदी उठली. आणि आमचा बोलपट शेवटच्या प्रसंगाशी येऊन अडला. काकांचा कधी घसा बसला, कधी इंटरनेट बसलं. एका बुधवारी त्यांनी मला भर मीटिंगमध्ये मेसेज केला: ‘ताबडतोब ये, महत्त्वाचं.’ मला वाटलं छातीत दुखतंय. मी धावत गेले तर हे टीव्हीसमोर, हातात रिमोट. “ऐक,” म्हणाले. त्यांनी सिनेमातला मधला एक प्रसंग लावला. चितारी पडद्याला तोंड करून गाणारीला काही तरी म्हणतो, खाली इंग्रजीत येतं, ‘डोन्ट गो’. मग शेवटचा प्रसंग लावला, होडीचा. चितारी तिला पुन्हा म्हणतो, खाली पुन्हा तेच, ‘डोन्ट गो’.

“मग?” मी म्हटलं.

“अगं, कान आहेत की नाहीत तुला? पहिल्यांदा तो म्हणतो ‘काजी मासिओ’. आणि इथं म्हणतो नुसतं ‘काजी मा’. शेपूट गेलं त्याचं. इंग्रजीवाल्यांनी दोन्हीकडे एकच लिहून ठेवलंय. काही तरी फरक आहे.”

आमच्या टीममध्ये सोयॉन नावाची एक कोरियन मुलगी होती. तिला मी दुसऱ्या दिवशी मीटिंग संपता संपता विचारलं, आधी जरा लाजतच. ती एवढी खूश झाली! म्हणाली, पहिलं आहे ते मानानं बोलणं, जुन्या पद्धतीचं, अंतर ठेवून. दुसरं अगदी जवळच्या माणसाशी बोलावं तसं. हा चितारी सबंध सिनेमाभर तिच्याशी मानानंच बोलतो, आणि त्या एका क्षणी ते सगळं गळून पडतं. सोयॉन म्हणाली, इंग्रजीत हे दाखवताच येत नाही, म्हणून बाहेरच्यांना तो शेवट नुसता दुःखाचा वाटतो. आमच्याकडे थिएटरात त्या एका शब्दाला लोक रडतात.

मी गॅलरीतूनच ओरडले, “काका! पहिलं ‘जाऊ नका’. दुसरं ‘जाऊ नको’!”

काका खिडकीत उभे होते. त्यांनी वही आणली. त्यात शेवटच्या रकान्यात त्यांनी ‘जाऊ नका’ असं लिहून ठेवलं होतं. त्यांनी खोडरबरानं ‘का’ खोडला, फुंकर मारली आणि तिथं ‘को’ लिहिला. एवढ्याशा अक्षरासाठी पट्टी घेऊन ओळ सरळ केली. मग म्हणाले, “नाटकात असताना सगळे एकमेकांना अहोजाहोच करायचो आम्ही. मी तिला कधी अगं म्हटलेलं नाही.”

“आता म्हणा.”

“मी कुठं, तो म्हणतोय,” काका म्हणाले. पण त्यांचे कान लाल झाले होते.

जूनमध्ये बाईंचाच फोन आला, शनिवार नसताना. “कारखानीस, बुधवारी श्रीराम येतोय न्यायला. मी त्याला अजून होय म्हटलेलं नाही. शनिवारी तुमचा बोलपट संपवा. मग मी काय ते ठरवते.” याहून स्पष्ट बाईमाणसानं काय बोलावं? शिडीखाली उभं राहून त्या दुसऱ्यांदा विचारत होत्या.

त्या शनिवारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फोनवर! मी हसले नाही. सिनेमा लावला. नदीकाठ, वारा, होडीवाला वल्हं सरळ करतोय. माझी दोनच वाक्यं होती. मी म्हटलं, “तुम्ही रंगवलेला तो पडदा मी एकदाही पुढून पाहिला नाही.” पलीकडून बाई हळूच म्हणाल्या, “मीही नाही. माझी कायम पाठच असायची त्याच्याकडे.” मग माझं दुसरं: “आता मी निघते.” वल्ह्याचा आवाज झाला. टीव्हीतल्या चिताऱ्यानं म्हटलं, “काजी मा.”

काकांची वही समोर होती. ‘को’ मला माझ्या जागेवरून दिसत होता. त्यांनी वहीकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि म्हणाले, “जाऊ नका.”

मी टेबलाखाली मुठी आवळल्या. पलीकडून बाई म्हणाल्या, “अहो, थांबा. परत लावा ते.”

मी रिमोट घेऊन मागं नेलं. काजी मा.

“एवढंसंच तर म्हणाला तो,” बाई म्हणाल्या. “मागं एकदा म्हणाला होता ते लांब होतं, मला आठवतंय, अर्धी मात्रा जास्त होती. हे तोकडं आहे. तुम्ही दोन्हींचं एकच कसं काय सांगता?” गाणाऱ्या बाईचे कान! सोयॉननं पाच मिनिटं समजावलेलं त्यांनी नुसतं ऐकून पकडलं होतं.

काकांनी चष्मा काढला. अगदी बारीक आवाजात, घसा न खाकरता म्हणाले, “जाऊ नको.”

फोनमधून सांगलीतल्या रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. बाईंचा श्वास ऐकू आला.

“मग?” त्या म्हणाल्या. “थांबली का ती?”

“नाही. होडी सुटली होती.”

“आणि तुमचं काय?”

मी उठून बाहेर जावं की बसावं, मला कळेना. काका माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हते. मला देवाशप्पथ वाटलं की आता म्हणतात. आणि ते म्हणाले, “बघू. विमानांचं काय होतंय ते कळू दे.”

“बरं,” बाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, काही नाही. “छान वाचलंत हो सगळं. मानसी, तूही सुधारलीस बरं का.” आणि फोन बंद झाला. बुधवारी त्या बंगळूरला गेल्या.

मी दोन आठवडे काकांशी बोलले नाही. त्यांनी माझ्या खिडकीत मटकीची वाटी ठेवलेली असायची, ती घ्यायची, धुऊन परत ठेवायची. मला त्यांचा राग आला होता आणि स्वतःचाही. निखिलशी रोज तासभर बोलून मी तरी कुठं म्हणत होते की मला इथं एकटीला भीती वाटते, काहीही कर आणि ये? त्याच दिवसांत एका संध्याकाळी मी निखिलला तसं म्हटलं. तो दुसऱ्या दिवसापासून व्हिसाच्या मागं हात धुऊन लागला. सप्टेंबरात तो आला. आम्ही दुसऱ्या गावी, आल्मेरेला, मोठं घर बघितलं.

पण त्याआधीचा एक शनिवार सांगायचा राहिला. बाई जाऊन दहा दिवस झाले होते. अकराच्या सुमाराला काकांनी खिडकीवर टकटक केली. तेवढ्यानंच माझा राग गेला. मी गेले, माझ्या जागेवर बसले. टेबलावर फोन होता, वही नव्हती.

“मी ठरवलंय,” ते म्हणाले. “ऑक्टोबरात जातो. सांगलीच्या तिच्या दोन खोल्या अजून भाड्यानं आहेत, सोडलेल्या नाहीत. तिला म्हणणार आहे, परत ये. असंच म्हणणार आहे, ‘ये’. ‘या’ नाही.” आणि त्यांनी नंबर लावला, स्पीकरवर.

फोन पुरुषानं उचलला. मागं प्रेशर कुकर, मुलांचा गोंधळ. “हॅलो?”

काकांनी माझ्याकडे बघितलं.

“हॅलो, कोण बोलतंय? आईचा फोन आहे हा, मी श्रीराम. कोण? काका का? सांगलीचे मामा का?”

बिचारा मुलगा चांगला होता हो. आवाजात नुसती आपुलकी होती. तो एकेक नातं पुढं करत होता, काकांनी त्यातलं एखादं उचलावं म्हणून वाट बघत होता. काकांचे ओठ हलत होते.

“सॉरी,” ते शेवटी म्हणाले. “राँग नंबर.”

मी झडप घालून म्हटलं, “द्या इकडे! मी बोलते त्याच्याशी. मी सांगते, आईला द्या म्हणून.”

त्यांनी फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला. मला वाटलं रडतील. पण ते रडले नाहीत, एखादी अडलेली गोष्ट माहीतगाराला विचारावी तसं त्यांनी मला खरोखरच विचारलं, “कोण म्हणून सांगशील?”

मी तोंड उघडलं. आमच्यात नवऱ्याच्या भावाच्या बायकोला शब्द आहे, बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला शब्द आहे. मी उभी राहून एकेक आठवून पाहिला. खाली कालव्याकाठी कुणी तरी डच बाई मुलांना हाका मारत होती. काका माझ्या तोंडाकडे बघत बसले होते, आणि कुमुदबाईंचे ते कोण, त्याला एकही शब्द बसेना.